गावातली संस्था सावरायची कशी आणि आलेली माणसं टिकवायची कशी

कराडच्या बाजूच्या आमच्या गावात एक जुनं वाचनालय आहे, त्याला लागून अभ्यासिका आहे, एमपीएससी आणि पोलीस भरतीची पोरं तिथं रात्री अकरापर्यंत बसलेली असतात. मी चौदा वर्षं तिथं आहे, आधी नुसती सभासद, मग कार्यकारिणीत, आता सहसचिव. मधे तीन-चार वर्षं अशी होती की संस्था बंद पडल्यातच जमा होती, आणि त्यातून ती परत उभी राहिली ती कुणी मोठा देणगीदार आला म्हणून नाही. आम्ही जे जे केलं, जिथं चुकलो, ते सगळं इथं लिहितेय. तुमची संस्था वाचनालय नसेल, महिला मंडळ असेल, वृद्धांसाठी काही करत असेल, क्रीडा मंडळ असेल, तरी यातलं बरंचसं तसंच्या तसं लागू पडेल.

आमच्या प्रत्येक मीटिंगमधे एक वाक्य ठरलेलं असायचं, आजकाल लोकांना वेळच नाही हो. मी पण म्हणायचे. मग एक काका आले, पोस्टातून नुकतेच रिटायर झालेले. म्हणाले मला शनिवारी दुपारी वेळ आहे, काही काम असेल तर सांगा. आम्ही खूप खूश झालो, या या म्हटलं. पहिल्या शनिवारी ते आले तर पुस्तकांच्या कपाटाची किल्ली सचिवांकडे आणि सचिव लग्नाला सांगलीला. दुसऱ्या शनिवारी किल्ली होती पण काय करायचं ते कुणी सांगितलं नाही, ते बाकावर बसून पेपर वाचून गेले. तिसऱ्या शनिवारी पण तेच. चौथ्या शनिवारी ते आले नाहीत. आणि पुढच्या मीटिंगमधे आम्ही परत म्हणालो, लोकांना वेळच नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलं कारण त्या माणसाने वेळ आणून दिला होता, आम्हाला तो घेता आला नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की गावात माणसं कमी नाहीत, आपल्याकडे त्यांच्या हातात देण्यासारखं काम तयार नसतं. ते तयार करायचं कसं ते आता सांगते.

आधी कामं मोजा

एक शंभर पानी वही घ्या आणि पंधरा दिवस संस्थेत जे जे काम होतं ते लिहा, कुणी केलं आणि किती वेळ लागला तेही. झाडलोट, पेपर टाचणं, परत आलेली पुस्तकं जागेवर लावणं, पावती फाडणं, लाईट बिल भरणं, थकलेल्या वर्गणीसाठी फोन करणं, सगळं. आम्ही लिहिलं तेव्हा एकतीस कामं निघाली आणि त्यातली बावीस एकटे सचिव करत होते. सचिवांना स्वतःला पण हे माहीत नव्हतं. ते सतत दमलेले असायचे आणि दुसऱ्याला काम समजावून सांगण्यापेक्षा मीच करतो लवकर होतं असं म्हणायचे, जे बहुतेक सगळ्या संस्थांमधे असतं. त्यात त्यांचा दोष नाही, पण अशाने संस्था एका माणसाच्या तब्येतीवर चालते.

मग प्रत्येक कामाची एक चिठ्ठी करा. चिठ्ठीवर काम काय, कधी, किती वेळ, सामान कुठं आहे आणि अडलं तर कुणाला विचारायचं, एवढंच. आमची पहिली चिठ्ठी अशी होती, शनिवारी ४ ते ५, परत आलेली पुस्तकं टेबलावर ठेवलेली असतील, पाठीवरच्या नंबरप्रमाणे कपाटात लावायची, नंबर पुसला असेल तर बाजूच्या खोक्यात टाकायचं, किल्ली समोरच्या मेडिकलमधे. बास. ही चिठ्ठी घेऊन मी त्या पोस्टातल्या काकांच्या घरी गेले, माफी मागितली, आणि ते आले. अजून येतात, सात वर्षं झाली. खोक्यातली नंबर पुसलेली पुस्तकं घरी नेऊन स्टिकर लावून आणायचं त्यांनी स्वतःहून सुरू केलं, कुणी सांगितलं नव्हतं.

काम तासाभराचं करा, जास्तीत जास्त दोन तास. "आमच्याबरोबर जोडले जा" असं म्हटलं की माणूस घाबरतो, त्याला वाटतं आता हे कायमचं गळ्यात पडणार. "पुढचे सहा शनिवार एक तास येशील का" असं विचारलं तर तो मनातल्या मनात हिशेब करतो आणि बऱ्याचदा हो म्हणतो. सहा शनिवार झाले की परत विचारा, थांबायचं असेल तर आनंदाने थांबू द्या. जो नीट निरोप घेऊन जातो तो परत येतो, जो लाजून तोंड चुकवत जातो तो परत येत नाही.

आखणी म्हणजे काय ते मी खटाव तालुक्यात मावशीच्या गावी बघितलं. पानी फाउंडेशनच्या वॉटर कपचे, म्हणजे गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेचे दिवस होते ते, २०१६ चा पहिला कप आमच्याच जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने जिंकला होता त्यामुळे आसपासच्या गावांना चेव चढला होता. मी पहाटे श्रमदानाला गेले तर डोंगरावर आदल्या संध्याकाळीच फक्कीने रेषा मारून ठेवल्या होत्या, कुठला चर, किती लांब, किती खोल, आणि प्रत्येक रेषेजवळ टिकाव, खोरं, पाटी आधीच ठेवलेली. माझ्यासारखी कधी टिकाव न धरलेली बाई पण गेल्या गेल्या कामाला लागली, कुणाला काही विचारावं लागलं नाही. उन्हं वर यायच्या आत आमचा चर झाला. बाकी भाषणं, गाणी, टीव्हीवरचं कौतुक हे सगळं बरोबरच होतं पण माझ्या डोक्यात ती फक्कीची रेषा बसली. तुमच्या संस्थेत फक्की कोण मारतं हे आधी ठरवा.

त्यासाठी एक माणूस नेमा. त्याचं काम एकच, आलेल्या माणसाला काम देणं आणि नंतर त्याची विचारपूस करणं. हा माणूस अध्यक्ष किंवा सचिव नको, त्यांच्या डोक्याला आधीच खूप असतं. आमच्याकडे एक गृहिणी आहेत, त्यांना सगळं गाव ओळखतं आणि कुणाचा मुलगा कितवीला आहे, कुणाच्या सासूबाई आजारी आहेत हे त्यांना माहीत असतं. त्यांच्याएवढं हे काम कुणालाच जमलं नसतं. कार्यकारिणीत रीतसर ठराव करून त्यांना ही जबाबदारी दिली, म्हणजे "ह्या कोण सांगणाऱ्या" असं कुणी म्हणायला नको.

किल्लीचं आधीच सांगितलं पण परत सांगते. तीन किल्ल्या करा, एक संस्थेपासून दोन मिनिटांवरच्या दुकानात ठेवा आणि वहीत सही करून न्यायची पद्धत पाडा. एवढ्या साध्या गोष्टीने आमचे अर्धे प्रश्न सुटले.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे पण यात ढिलाई केली तर पुढे सगळं अडतं, आमचं अडलं होतं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि त्याबरोबर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. म्हणजे तुमच्याकडे दोन नोंदणी प्रमाणपत्रं असायला हवीत, संस्थेची घटना आणि नियमावली असायला हवी, आणि धर्मादाय कार्यालयातला शेड्यूल वनचा उतारा, ज्याला सगळे पीटीआर म्हणतात, तो हवा. पीटीआरवर विश्वस्त म्हणून कुणाची नावं आहेत ते आजच बघा.

आमच्या पीटीआरवर दोन नावं अशी होती की ती माणसं वारून वर्षं झाली होती. निवडणुका होत होत्या, नवी कार्यकारिणी बसत होती, प्रोसिडिंग बुकात ठराव होते, पण चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला कळवायचा अर्ज, कुणी टाकलाच नव्हता, अकरा वर्षं. कायद्याप्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो टाकायचा असतो, कलम २२. आमची ही चूक उघड कधी झाली तर खजिनदार बदलले आणि बँकेत सह्या बदलायला गेलो तेव्हा. बँकेने पीटीआर मागितला, त्यावर नवी नावं नाहीत, खातं अडकलं. लाईट बिल आम्ही खिशातून भरत होतो. उशीर माफ करण्याचा अर्ज, मृत्यूचे दाखले, जुन्या सभांची इतिवृत्तं, हजेरी, नोटिसा, हे सगळं गोळा करून वकिलांमार्फत एकामागून एक चेंज रिपोर्ट टाकले तेव्हा ते सुरळीत झालं, दीड वर्ष गेलं. तेव्हा जुन्या एका सचिवांनी टापटीप लिहिलेली इतिवृत्तं नसती तर काय झालं असतं माहीत नाही, त्या माणसाचं अक्षर बघून मला अक्षरशः हात जोडावेसे वाटले.

तर दरवर्षी काय करायचं ते थोडक्यात. ३१ मार्चला हिशेब बंद करायचा, सहा महिन्यांच्या आत ऑडिट करून घ्यायचं आणि धर्मादायच्या पोर्टलवर चढवायचं. वार्षिक सर्वसाधारण सभा घटनेत लिहिलेल्या मुदतीची नोटीस देऊन घ्यायची, नोटीस पोचल्याच्या सह्या ठेवायच्या, गणपूर्ती झाली का ते लिहायचं. कार्यकारिणीत बदल झाला की लगेच चेंज रिपोर्ट. संस्थेची जागा असेल तर ती विकायची किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते हे लक्षात ठेवा, बऱ्याच ठिकाणी उत्साहात गाळा भाड्याने देऊन बसतात आणि मग निस्तरत बसतात.

शासनमान्य वाचनालय असेल तर १९६७ च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणे अ, ब, क, ड असा वर्ग आणि त्याप्रमाणे अनुदान असतं, त्यासाठी दाखलअंक रजिस्टर (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नंबरवार नोंद), देवघेव नोंद, डेड स्टॉक (टेबल-खुर्च्या-कपाटांची नोंदवही) हे सगळं तपासणीला लागतं. ही कामं पण स्वयंसेवकांना देता येतात. एक कॉलेजची मुलगी आमचं दाखलअंक रजिस्टर कॉम्प्युटरवर टाकतेय, रोज चाळीस नोंदी, तिचा टायपिंगचा स्पीड बघून मला हेवा वाटतो.

पैसे आणि पावत्या

गावातल्या माणसाचा विश्वास दोन गोष्टींवर असतो, पावती लगेच मिळाली का आणि पैसा कुठं गेला ते दिसलं का. म्हणून एक रुपया पण पावतीशिवाय घ्यायचा नाही. पावती पुस्तकांना छापील नंबर हवेत, कुणाकडे कुठलं पुस्तक दिलंय त्याची नोंद हवी, आणि रद्द पावती फाडून टाकायची नाही, तिथंच आडवी रेघ मारून ठेवायची. क्यूआर कोड लावताना तो संस्थेच्या खात्याचाच हवा, खजिनदाराच्या वैयक्तिक नंबरचा नको, खजिनदार कितीही सज्जन असले तरी नको. आमच्याकडे सुरुवातीला सोय म्हणून तसं केलं होतं आणि कुणी काही खाल्लं नसताना गावात कुजबूज झाली, त्या माणसाला झोप लागेना. त्यांच्यासाठीच तो बंद केला.

दर महिन्याला जमा-खर्चाचा एक साधा कागद फळ्यावर लावा. लाईट बिल इतकं, पेपर बिल इतकं, झाडूवाल्या मावशींचा पगार इतका, जमा इतकी, तूट इतकी. तूट लपवू नका. आम्ही पहिल्यांदा तूट लिहिली, २३४० रुपये, तर संध्याकाळी अभ्यासिकेतल्या पोरांनी आपापसात गोळा करून सहाशे रुपये आणून दिले. त्यातली काही पोरं स्वतःच उसनवारीवर शिकत होती. मला तो दिवस विसरता येत नाही.

मोठ्या देणगीच्या मागे लागण्यापेक्षा महिना शंभर रुपये देणारे साठ जण शोधा. ही आपल्या मातीतलीच रीत आहे. आमच्या गावापासून जवळच काल्यात ४ ऑक्टोबर १९१९ ला कर्मवीर भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली, ती सामान्य माणसांच्या थोड्याथोडक्या मदतीवर आणि "कमवा आणि शिका" म्हणत पोरांनी स्वतः राबून वाढली, आणि वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले हे आमच्याकडे घराघरात सांगतात. साठ जण महिन्याला शंभर देतात म्हणजे सहा हजार तर होतातच, पण त्याहून मोठं म्हणजे साठ घरांना वाटतं की हे आपलं आहे. त्यातला एखादा आला नाही तर बाकी एकोणसाठ असतात, एकच मोठा देणगीदार रुसला तर संस्था बसते.

८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात मिळणारी सवलत, तिच्याबद्दल सगळे विचारतात. असेल तर चांगलंच, ती घेण्यासाठी आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी लागते आणि ती ठराविक वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. २००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइनच घ्या. देणगीदाराचा पॅन घ्या, वर्षाचं देणग्यांचं विवरण ३१ मे पर्यंत भरायचं असतं आणि त्यातून निघणारं प्रमाणपत्र त्याला द्यायचं असतं, नुसत्या आपल्या पावतीवर त्याचं काम होत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय, कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे सीएंना विचारूनच करा, गावातले तरुण सीए अशा कामाचे बरेचदा पैसे पण घेत नाहीत. आणि एक, नोकरदारांपैकी ज्यांनी नवी कर पद्धत घेतलीय त्यांना ८०जी चा फायदा मिळतच नाही, त्यामुळे टॅक्स वाचेल म्हणून द्या असं सांगू नका, काम बघून द्या म्हणा.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांकडून समाजकामासाठी मिळणाऱ्या पैशाचं, स्वप्न लगेच बघू नका असं मी म्हणेन. कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात हे खरं, पण त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते, तीन वर्षांचं कामाचं रेकॉर्ड लागतं, अहवाल लागतात. आधी घर सावरा, दोन-तीन वर्षं ऑडिट वेळेवर होऊ द्या, मग दार वाजवा.

परदेशातल्या आपल्या लोकांबद्दल पण सांगते, गावचा मुलगा न्यू जर्सीत आहे आणि त्याला आजोबांच्या नावाने काही द्यायचंय असं होतंच. तो अजून भारताचा नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देतं ते) असेल तरीही, ती परदेशी देणगी होते आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, परवानगीशिवाय घेता येत नाही. म्हणून पासपोर्ट कुठला हे संकोच न करता विचारा. गाव सोडून बाहेर राहणाऱ्या सगळ्यांकडूनच पैशापेक्षा वेळ मागा. आमचं पुस्तकांचं एक्सेल पुण्यात हिंजवडीला नोकरी करणाऱ्या गावच्याच पोराने रविवारी बसून तयार केलं, आणि अभ्यासिकेतल्या पोरांच्या इंटरव्ह्यूची तयारी एक ताई बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर घेतात.

माणसं कुठं शोधायची आणि कधी

जवळच्या कॉलेजात जा आणि एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) कार्यक्रम अधिकारी सरांना किंवा मॅडमना भेटा. एनएसएसच्या मुलांना वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं, आणि कितीतरी वेळा सरांनाच प्रश्न पडलेला असतो की पोरांना खरं काम कुठलं द्यायचं. आता नव्या अभ्यासक्रमात कम्युनिटी एंगेजमेंटचे क्रेडिट पण आलेत. पण एक विनंती, पोरांना नुसतं झाडू धरून फोटोला उभं करू नका आणि खोटे तास लिहून देऊ नका, पोरांना कळतं सगळं आणि समाजकार्य म्हणजे असंच असतं हे ती आयुष्यभरासाठी शिकतात.

गणपती मंडळाची पोरं हे सगळ्यात मोठं भांडार आहे. दहा दिवस मांडव, लाईट, वर्गणी, गर्दी, विसर्जन हे सगळं विनापगार पार पाडणारी पोरं आहेत ती, त्यांना मॅनेजमेंट शिकवायला लागत नाही. त्यांच्याकडे भाषण द्यायला जाऊ नका, काम घेऊन जा. आम्ही म्हटलं की अभ्यासिकेचा पत्रा गळतोय, पावसाच्या आधी एक रविवार द्याल का. अकरा जण आले, दोन वेल्डिंगवाले त्यांच्यातच होते, संध्याकाळपर्यंत पत्रा बदलून झाला. आम्ही फक्त पिठलं-भाकरी दिली. बचत गटाच्या बायका, निवृत्त शिक्षक, भजनी मंडळ, क्रिकेटची टीम, सगळीकडे असंच जाता येतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर "इच्छुकांनी संपर्क साधावा" टाकलं तर कुणी येत नाही, समोर जाऊन नावाने विचारलं तर येतात. माणसाला वाटायला हवं की मलाच विचारलंय.

पण वेळ बघून विचारा. जूनमधे पेरणी, लगीनसराईत एप्रिल-मे, ऊस जायच्या दिवसांत ज्याची तोड आलीय तो माणूस, आणि फेब्रुवारी-मार्चमधे दहावी-बारावीच्या पोरांचे आईबाप, यांना विचारून त्यांना ओशाळं करू नका. आमच्याकडे सगळ्यात चांगला काळ श्रावणातला, आणि दिवाळीची सुट्टी, कारण तेव्हा पुण्या-मुंबईची मंडळी घरी आलेली असतात आणि त्यांना गावासाठी काही करायचं असतं. दिवाळीच्या चार दिवस आधीच चिठ्ठ्या तयार ठेवा.

बाहेरची उदाहरणं पण बघा. पुण्याची मैत्री ही संस्था १९९७ पासून मेळघाटात, अमरावती जिल्ह्यातल्या आदिवासी भागात काम करतेय, पावसाळ्यात जेव्हा तिथं लहान मुलं जास्त दगावतात तेव्हा शहरातले स्वयंसेवक तुकड्या करून तिथल्या गावांत जाऊन राहतात, घरोघरी फिरतात, आजारी मुलांकडे लक्ष देतात, धडक मोहीम म्हणतात तिला. म्हणजे नोकरी करणारी साधी माणसं रजा टाकून जातात, कारण कुठं जायचं, किती दिवस, काय करायचं हे सांगितलेलं असतं आणि आपल्या मागून दुसरी तुकडी येणार आहे हे माहीत असतं.

आलेला माणूस टिकवायचा तर

पहिल्या दिवशी कुणीतरी त्याच्याबरोबर पूर्ण तासभर असलं पाहिजे. चहा विचारा, पाणी कुठं, बाथरूम कुठं ते दाखवा (बायका येणार असतील तर बाथरूमला आतून कडी आहे का ते आधी बघा, आमच्याकडे नव्हती आणि दोन मुली याच कारणाने यायच्या थांबल्या हे आम्हाला वर्षभराने कळलं). तिसऱ्या आठवड्यात फोन करा. पहिला उत्साह तेव्हा ओसरतो, माणूस गळायचा तर तेव्हाच गळतो. फोनवर काम सांगू नका, कसं चाललंय एवढंच विचारा आणि ऐका. काम आवडत नसेल तर बदलून द्या, लोकांत बोलायला आवडणाऱ्याला पुस्तकं मोजायला बसवलं तर तो जाणारच.

पदरचा खर्च करायला लावू नका. एसटीचं भाडं, पेट्रोल, झेरॉक्स, जे काही असेल ते व्हाउचरवर सही घेऊन द्या, नको म्हणाले तरी विचारा. गरीब घरची पोरं खर्चामुळे यायची थांबतात आणि ते कधी बोलून दाखवत नाहीत.

आभार नेमके माना. "आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल" वगैरे छापील कागद लोक घरी जाऊन कपाटात टाकतात. आमच्या सर्वसाधारण सभेत आम्ही वाचून दाखवतो की अमक्यांनी वर्षभरात १७०० पुस्तकं जागेवर लावली, तमक्यांनी ८८ थकलेल्या सभासदांना फोन केले आणि त्यातले ५२ परत सुरू झाले. हे वाचताना त्या माणसाच्या घरच्यांना बोलवा. त्या पोस्टातल्या काकांच्या मिसेस पहिल्यांदा सभेला आल्या आणि म्हणाल्या, हे शनिवारी नक्की करतात तरी काय ते मला आज कळलं.

मुलांशी संबंधित काम असेल तर मात्र कडक राहा. नवीन माणूस कितीही ओळखीचा असला तरी एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत कुणी मोठं माणूस थांबणार नाही, दोन मोठी माणसं असतील किंवा दार उघडं असेल, हा नियम लिहून भिंतीवर लावा आणि तो अध्यक्षांना पण लागू आहे हे सांगा. ओळखपत्राची झेरॉक्स, पत्ता, दोन ओळखीच्या माणसांची नावं घ्या. कुणाला राग आला तर येऊ दे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे काही कळल्यावर पोलिसांना न सांगणं हाच गुन्हा आहे, संस्थेची बदनामी होईल म्हणून दाबून ठेवायचं नाही.

आणि राजकारण. निवडणुकीच्या दिवसांत संस्थेचा हॉल, फळा, व्हॉट्सॲप ग्रुप कुठल्याच पॅनेलला वापरू देऊ नका. कार्यकर्ते सगळ्या गटांचे असू देत, आमच्याकडे समोरासमोर निवडणूक लढवलेले दोघं एकाच रविवारी कपाटं रंगवत होते. पण संस्थेत आल्यावर गटाचं नाव काढायचं नाही हा ठराव आम्ही केलाय आणि तो पाळला जातो.

शेवटचं काम म्हणजे हस्तांतराची वही, आणि हे आपण निरोगी असतानाच करायचं. धर्मादायच्या पोर्टलचा लॉगिन, बँकेची माहिती, पॅन, लाईट मीटरचा ग्राहक क्रमांक, सीएंचा फोन, पत्रेवाल्याचा फोन, कुठल्या महिन्यात कुठलं काम, सगळं त्यात. पासवर्ड वेगळ्या पाकिटात बंद करून अध्यक्षांकडे. आमच्या आधीच्या सचिवांना अचानक अटॅक आला तेव्हा संस्थेचा ईमेल त्यांच्या मुलाच्या जुन्या मोबाईलवर होता, आम्ही हॉस्पिटलमधे त्यांना भेटायला गेलो तर तेच बिचारे ऑक्सिजन लावलेला असताना पासवर्ड आठवायचा प्रयत्न करत होते. ते बरे झाले, घरी आले, आणि सगळ्यात पहिलं काम त्यांनी हे केलं की मला बोलावून शेजारी बसवलं आणि दोन दुपारी ती वही भरून घेतली. ती वही आता मेडिकलच्या किल्लीजवळच्या खणात असते, आणि दर गुढीपाडव्याला आम्ही दोघी-तिघी बसून बदललेले नंबर खोडून नवे लिहितो.